पूरबोटीच्या मोटरचा इंपेलर पावसाळ्याआधी कसा बदलावा

गोदावरी, मांजरा, सिंदफणा, पूर्णा या नद्यांच्या काठी रबरी बोट नि तिच्या मागची आउटबोर्ड मोटर वर्षातले आठ-नऊ महिने पत्र्याच्या शेडमध्ये ठोकळ्यावर उभी असते. मग एका रात्रीत धरणाची दारं उघडतात, फोन वाजतो आणि मोटर थेट पुराच्या पाण्यात उतरते. 2025 च्या सप्टेंबरात परंडा-भूम भागात पाणी गावात शिरलं तसं पुन्हा कधी शिरेल, ते कोणी सांगू शकत नाही. अशा वेळी मोटर बंद पडली तर लोक पेट्रोलला नि प्लगला दोष देतात. चालू होऊन पाच-दहा मिनिटांत गरम होऊन बंद पडली असेल, तर आधी संशय घ्यावा तो पाणीपंपातल्या तळहातावर मावणाऱ्या रबरी इंपेलरचा. आणि तो नदीत कमी, शेडमध्ये जास्त खराब होतो.

आउटबोर्डला रेडिएटर नसतो. पंख्याच्या (बोट ढकलणाऱ्या प्रोपेलरच्या) वर, खालच्या पायाच्या म्हणजे इंजिनाखालच्या, पाण्यात बुडणाऱ्या भागाच्या दोन्ही बाजूंना जाळ्या असतात. तिथून नदीचंच पाणी आत ओढलं जातं, नळीतून वर इंजिनाभोवती फिरतं आणि बाहेर पडतं. त्यातली थोडी धार झाकणाखालच्या बारीक छिद्रातून मागे किंवा बाजूला पडते. ही धार म्हणजे पंप चालू असल्याची खूण. पंप असतो खालच्या पायाच्या माथ्यावर, उभ्या शाफ्टवर. स्टीलची वाटी असते, पण शाफ्ट तिच्या मध्यात नसतो, एका बाजूला सरकलेला असतो. त्यामुळे इंपेलरच्या पाकळ्या अरुंद बाजूला आल्या की दुमडतात, रुंद बाजूला आल्या की उघडतात, आणि या उघडझापीत पाणी ओढलं-ढकललं जातं.

यातच त्याच्या खराब होण्याचं कारण आहे. मोटर उभी असते तेव्हा दोन-तीन पाकळ्या सतत दुमडलेल्या राहतात. मराठवाड्याच्या मे महिन्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असतं, पत्र्याखाली त्याहून जास्त. रबर त्याच वळणात बसतं, कडक होतं आणि मुळाशी बारीक चिरा पडतात. मग पहिल्यांदा जोरात फिरवलं की पाकळी तुटते. दुसरं कारण गाळ. पुराचं पाणी काळ्या रानातून येतं, सोबत रेतीही असते. ती वाटीला नि पाकळ्यांच्या टोकांना घासत राहते. तिसरं, आणि सगळ्यांत लवकर जीव घेणारं कारण म्हणजे कोरडी मोटर चालवणं. पाकळ्यांना वंगण फक्त पाण्याचं. "चालू होते का बघू" म्हणून शेडमध्ये अर्धा मिनिट जरी रेस दिली, तरी टोकं जळून गुळगुळीत होतात. मॉक ड्रिलच्या आधीच्या दिवशी हे हमखास केलं जातं.

उघडण्याआधी

धार येत नाही म्हणजे पंपच गेला, असं समजून लगेच पाना लावू नका. धारेच्या छिद्रात आधी बारीक तार घाला, किंवा गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी. ती वळणातून चांगली आत जाते. शेडमध्ये पडलेल्या मोटरच्या या छिद्रात कुंभारमाशी मातीचं घर करते. पंप ठणठणीत असतो आणि धार मात्र नसते. मग पाणी घ्यायच्या जाळ्या बघा. नांदेडकडे गोदावरीत जलपर्णीची मुळं, काठाला बेशरमाची पानं आणि सगळीकडे प्लास्टिकच्या पिशव्या, यांतलं काहीतरी तिथे चिकटलेलं सापडतं.

छिद्र नि जाळी साफ असूनही मंद रेसवर धार येत नाही, पण रेस वाढवली की येते, अशी तक्रार असेल तर पाकळ्यांची टोकं झिजली आहेत. धार बारीक आणि हाताला चटका देणारी असेल, तर पाणी कमी जातंय. चांगल्या मोटरची धार कोमट लागते. यांतलं काहीही दिसत नसलं, तरी शेवटचा इंपेलर कधी बदलला याची नोंद सापडत नसेल तर बदलाच. कंपन्या तासांचे नि वर्षांचे हिशोब देतात, पण ते स्वच्छ पाण्यात नियमित चालणाऱ्या मोटरसाठी असतात. गाळात चालून वर्षभर पडून राहणाऱ्या मोटरला दर वर्षी एप्रिल-मेमध्ये नवा इंपेलर, हाच हिशोब बरा.

काय आणून ठेवावं

नुसता इंपेलर मागवू नका, पंपाचा पूर्ण किट मागवा. त्यात इंपेलर, त्याची अर्धचंद्राकृती चावी, स्टीलची वाटी, खालची स्टीलची पट्टी, पॅकिंगं आणि ओ-रिंगा येतात. काही किटमध्ये वरचं प्लास्टिकचं घरही असतं. मागवताना "चाळीस हॉर्सपॉवर" एवढंच सांगून भागत नाही. एकाच कंपनीच्या एकाच ताकदीच्या दोन मॉडेलमध्ये इंपेलरचा बाहेरचा घेर सारखा आणि आतली खाच वेगळी असू शकते. बोटीला मोटर अडकवायच्या ब्रॅकेटवर छोटी पट्टी असते. तिच्यावरचा मॉडेल कोड आणि सीरियल नंबर फोटो काढून दुकानदाराला पाठवा. मोटरसायकलचा पार्ट मिळतो तसा हा माल जिल्ह्याच्या बाजारात मिळत नाही, पार्सलने यायला वेळ लागतो. सरकारी बोट असेल तर मागणीपत्र मार्चअखेरच्या गर्दीत टाकू नका. फेब्रुवारीत टाकलं तर मेमध्ये किट हातात असतो. दोन किट मागवा. एक बोटीच्या पेटीत राहू द्या.

टायरच्या रबराचा इंपेलर कापून देणारे कारागीर भेटतील. तो दोन फेऱ्या काढेलही, पण त्याची जाडी नि लवचिकता बरोबर नसते, आणि तुटून वर गेला की इंजिनाच्या आतले पाण्याचे मार्ग बंद करतो.

हत्यारं साधी लागतात. 10, 12, 13 आणि 14 चे गोटी पाने नि रिंग पाने, दोन चपटे पेचकस, लाकडी किंवा रबरी हातोडा, पक्कड, ग्रीस, गंज सोडवायचं तेल, भांडी घासायचा द्रव साबण, पॅकिंग खरवडायला बोथट पातं, खडू किंवा मार्कर. पाण्यात टिकणारं ग्रीस मिळालं तर उत्तम. शिवाय दोनशे लिटरचा पिंप आणि मदतीला एक माणूस.

खालचा पाय उतरवणं

मोटर स्टँडवर किंवा बोटीच्या मागच्या फळीवर पक्की बसवा. बंद करायच्या दोरीचा क्लिप काढा, प्लगच्या टोप्या उपसून ठेवा, बॅटरी असेल तर तिची निगेटिव्ह वायर सोडा. हे टाळू नका. पुढे पंखा हाताने फिरवायचा आहे आणि गरम झालेली मोटर एखाद्या फेऱ्यातही चालू होऊ शकते. पेट्रोलची नळी काढा.

गिअरकडे लक्ष द्या. काही मोटरना पाय उतरवताना न्यूट्रल लागतं, काहींना पुढचा गिअर. मॅन्युअल नसेल तर ज्या गिअरमध्ये उतरवाल त्याच गिअरमध्ये परत बसवा आणि मधल्या काळात गिअरचा दांडा फिरू देऊ नका. हा दांडा बऱ्याच मोटरना मध्ये एका लांब नटाने जोडलेला असतो, आणि तो नट बाहेरून किंवा छोट्या रबरी झाकणाआड दिसतो. तो सोडण्याआधी वरचे किती आटे दिसतात ते मोजून खडूने लिहून ठेवा. जोडताना एक-दोन आटे मागेपुढे झाले की गिअर अर्धवट पडतो आणि खडखडतो.

पंख्याच्या वर, आडव्या पट्टीखाली, माशाच्या परासारखा छोटा तुकडा असतो. बऱ्याच मॉडेलमध्ये त्याच्याखाली एक बोल्ट लपलेला असतो. तुकडा कोणत्या कोनात आहे याची मार्करने रेघ ओढा आणि मगच काढा. पाय निघत नाही म्हणून हातोडे मारणाऱ्यांपैकी निम्म्यांचा हा बोल्ट काढायचा राहिलेला असतो. बाकीचे चार ते सहा बोल्ट दोन्ही बाजूंना दिसतातच. गोड्या पाण्यात ते समुद्रासारखे गंजून बसत नाहीत. तरी अडले तर तेल सोडून रात्रभर ठेवा. अ‍ॅल्युमिनियममध्ये बोल्ट मोडला तर एका इंपेलरचं काम लेथवर जातं.

सगळे बोल्ट सुटले की पाय सरळ खाली ओढा. अडकला तर दोन्ही बाजूंनी आलटून पालटून लाकडी हातोड्याने टिचक्या द्या. सांध्यात पेचकस खुपसून उचकू नका. सांध्याची सपाट बाजू बिघडली तर तिथून पुढे गळत राहील. चाळीस हॉर्सपॉवरच्या मोटरचा पाय जड असतो आणि सुटतो तेव्हा एकदम सुटतो, म्हणून एकाने धरायचं आणि दुसऱ्याने ठोकायचं. पायासोबत उभा शाफ्ट खाली येतो. तो धरून पाय उचलू नका. वर बघा, इंजिनाकडे जाणारी तांब्याची किंवा प्लास्टिकची पाण्याची नळी दिसते. तिच्या टोकाची रबरी बोंडी नळीवरच राहिली की पंपाच्या घरात राहिली, ते आत्ताच नीट पाहून ठेवा.

पंप उघडणं आणि वाचणं

पाय लाकडी तुकडे लावून शिकंज्यात उभा धरा. पंपाच्या घराचे चार बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे सोडा. शाफ्टभोवती फडकं गुंडाळा आणि मग घर दोन पेचकसांनी दोन्ही बाजूंनी सारखं उचलून वर काढा. फडकं चावीसाठी आहे. इंपेलर नि शाफ्ट एकमेकांत अडकवणारी ही चावी नखाएवढी असते, आणि ती मातीत पडली तर अर्धा दिवस शोधण्यात जातो.

जुना इंपेलर लगेच फेकू नका, तोच सगळं सांगतो. पाकळ्या मोजा. बहुतेक इंपेलरला सहा असतात. एकही तुटलेली असेल तर तिचे तुकडे शोधून, जोडून पाकळी पूर्ण होते का पाहा. पूर्ण होत नसेल तर उरलेला तुकडा वर नळीत किंवा थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) झाकणाखाली बसलेला आहे. तो काढल्याशिवाय नवा इंपेलर घालून उपयोग नाही. पाणी चढेल, पण एका सिलिंडरपर्यंत पोचणार नाही आणि तोच सिलिंडर आधी जाम होईल. वरून नळीत स्वच्छ पाण्याचा जोर सोडा, थर्मोस्टॅटचं झाकण उघडून आतला गाळ काढा. झाकणाचं पॅकिंग फाटलं तर तेही नवं लागेल.

पाकळ्या एका बाजूला कायमच्या वळल्या असतील तर दोष साठवणुकीचा. टोकं चकचकीत, कडक आणि जळकी असतील तर मोटर कोरडी चालली आहे. कोणी चालवली हे विचारून घ्यावं, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा हेच. मुळाशी चिरा बघायला पाकळी बोटाने उलटी वाकवा. मधला पितळी किंवा प्लास्टिकचा तुंबा रबरापासून सुटला असेल, तर शाफ्ट फिरतो पण इंपेलर फिरत नाही. असा इंपेलर वरून अगदी नवा दिसतो, म्हणून तुंबा धरून रबर फिरवून पाहाच.

वाटीच्या आतून आणि खालच्या पट्टीवरून नख फिरवा. गाळाने पडलेल्या रेघेत नख अडकलं तर वाटी नि पट्टी दोन्ही बदला. नुसता इंपेलर बदलून वाटी तशीच ठेवली, तर पाणी त्या रेघांमधून परत फिरतं आणि पंप नवा असूनही धार अशक्त राहते. किट अख्खा मागवायचं कारण हेच. वरच्या घराचं प्लास्टिक उष्णतेने वितळलेलं किंवा वेडंवाकडं झालेलं दिसलं तर तेही बदला.

नवा बसवणं

जुनं पॅकिंग बोथट पात्याने सोडवा. चिमटभरही शिल्लक राहिलं तर पंप हवा ओढेल. बसण्याची जागा फडक्याने कोरडी पुसा. पॅकिंगला सिलिकॉन थापायची सवय असते. ती इथे सोडा. जास्तीचं सिलिकॉन दाबाने आत सरकतं आणि पाण्याच्या मार्गात गोळा होतं. नवं पॅकिंग कोरडंच बसवा, मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर तेवढंच लावा.

खाली पॅकिंग, त्यावर स्टीलची पट्टी, तिच्यावर सांगितलं असेल तर दुसरं पॅकिंग. छिद्रं जुळतात का पाहा. पट्टी उलटी बसवली तर एखादं छिद्र बंद होतं. शाफ्टच्या खाचेत चावी ठेवा. ग्रीसचा टिपका लावला की ती पडत नाही. चावीची उभी बाजू कोणती ते जुनीवरून पाहा. इंपेलर खाच जुळवत खाली सरकवा.

वाटी पंपाच्या घरात बसवताना तिचा कान घरातल्या खाचेत गेला पाहिजे, नाहीतर ती फिरते आणि घर झिजवते. आता वाटीच्या आत द्रव साबणाचं पाणी लावा. ऑइल, रॉकेल किंवा इंजिनाचं ग्रीस नको, रबर फुगतं. घर शाफ्टवरून खाली आणा आणि पाकळ्यांना टेकलं की हलका दाब देत शाफ्ट वरून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा. बहुतेक आउटबोर्ड याच दिशेने फिरतात. असं फिरवलं की पाकळ्या आपोआप योग्य बाजूला झुकतात आणि घर खाली बसतं. यानंतर शाफ्ट उलटा फिरवू नका. उलट फिरला की पाकळ्या पलटतात आणि पहिल्याच रेसला मुळाशी तडकतात.

बोल्ट समोरासमोर आवळा. 6 मिलिमीटरचे बोल्ट असतील तर छोटा पाना मनगटाच्या जोराने, सुमारे 8 ते 10 न्यूटन मीटर. प्लास्टिकचं घर जास्त आवळलं तर फुटतं. टॉर्क पाना आणि मॅन्युअल असेल तर त्यातलाच आकडा घ्या.

पाय काढलेलाच आहे तर गिअर ऑइलही पाहून घ्या. खालचा स्क्रू सोडल्यावर दुधासारखं पांढरट निघालं तर पंख्याच्या शाफ्टच्या सीलमधून पाणी आत येतंय. नवं ऑइल खालच्या छिद्रातूनच भरायचं, वरच्यातून बाहेर येईपर्यंत. वरून भरलं की मध्ये हवा अडकते. दोन्ही स्क्रूंचे वायसर नवे घाला.

वर चढवताना

शाफ्टच्या वरच्या दातांना बाजूने ग्रीस लावा. शाफ्टच्या अगदी टोकावर नको, तिथे दबलेलं ग्रीस पाय पूर्ण बसू देत नाही. पाण्याच्या नळीची बोंडी साबणाच्या पाण्याने ओली करा. पाय वर नेताना दोन गोष्टी एकाच वेळी जुळायला हव्यात: शाफ्टचे दात इंजिनात आणि नळी बोंडीत. दात जुळत नसतील तर मदतनीसाने इंजिनाच्या माथ्यावरचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, हाताने थोडं, घड्याळाच्या दिशेने फिरवावं. बोल्टांनी ओढून पाय बसवायचा प्रयत्न कधीही करू नका. हाताने सांध्यापर्यंत बसला तरच दात जुळले.

नव्या इंपेलरनंतर धार न येण्याचं सगळ्यांत मोठं कारण इथेच असतं: नळी बोंडीत न जाता शेजारी टेकली, किंवा बोंडी दुमडली. पंप पाणी देतो, पण ते पायातच सांडतं. संशय आला तर लाज न बाळगता पाय पुन्हा उतरवा.

मोठे बोल्ट आवळा. 10 मिलिमीटरचे असतील तर चाळीसच्या आसपास न्यूटन मीटर. गिअरचा दांडा मोजलेल्या आट्यांवर जोडा, परासारखा तुकडा रेघेवर बसवा. पंखा हाताने फिरवून पुढचा, न्यूट्रल, मागचा तिन्ही गिअर पडतात का पाहा. मगच प्लगच्या टोप्या लावा.

पिंपातली चाचणी

पंखा काढून ठेवा. पिंपात पाणी आडव्या पट्टीच्या चार-सहा बोटं वर असलं पाहिजे. नुसती जाळी बुडून भागत नाही. मोटर न्यूट्रलमध्ये चालू करा. मिनिटभरात धार यायला हवी. नाही आली तर बंद करा, वाट पाहत बसू नका. धारेचं छिद्र, नळीची बोंडी, चावी राहून गेली का, या क्रमाने शोधा. धार चालू झाली तर मंद रेसवर दहा मिनिटं ठेवा. पाणी गरम होत जातं, ते बदला. या वेळात इंजिनाचं डोकं हाताला चटका देत असेल, बझर वाजत असेल किंवा धारेत वाफ दिसली, तर थर्मोस्टॅट किंवा अडकलेला तुकडा शोधायला पुन्हा उघडा.

लाँचच्या डिझेल इंजिनावर हेच काम वरच्या वर होतं, कारण पंप इंजिनाच्या बाजूला असतो. तिथे आधी बोटीच्या तळातला पाण्याचा कॉक बंद करायचा, नाहीतर झाकण उघडताच बोटीत पाणी. झाकणाचे स्क्रू काढून इंपेलर पुलरने किंवा दोन पक्कडींनी सरळ ओढायचा. पाकळ्या वळवण्याची दिशा त्या इंजिनाच्या फिरण्याप्रमाणे ठरवायची, आणि चालू करण्याआधी कॉक उघडायचा. झाकणाचा एखादा स्क्रू ढिला राहिला, तर पंप हवा ओढतो.

पुरात आणि पुरानंतर

वाहत्या पाण्यात धार बंद झाली तर मोटर लगेच बंद करा, वल्ह्यांनी कडेला या, पाय वर उचलून जाळी साफ करा. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका, डोकं तडकतं. जाळी साफ करूनही धार नसेल तर त्या दिवशी ती मोटर संपली. बोटीत माणसं असताना "थोडंच अंतर आहे" म्हणून चालवू नका. उथळ पाण्यात, शेतातून किंवा रस्त्यावरून जाताना पाय अर्धा वर उचला. चिखलात रुतलेला पंखा गाळ थेट जाळीत टाकतो.

पुरातून परत आल्यावर त्याच दिवशी मोटर पिंपातल्या स्वच्छ पाण्यात दहा मिनिटं चालवा. काळ्या मातीचा गाळ आत सुकला की सिमेंटसारखा बसतो. मग मोटर उभी ठेवा, म्हणजे उरलेलं पाणी आपोआप निघून जातं. धारेच्या छिद्राला नि पाण्याच्या जाळ्यांना चिकटपट्टी लावा, कुंभारमाशीसाठी, आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत "चालू करण्याआधी काढा" लिहा. महिन्यातून एकदा, प्लगच्या टोप्या काढून, फ्लायव्हील घड्याळाच्या दिशेने अर्धा फेरा फिरवा, म्हणजे त्याच पाकळ्या दुमडलेल्या राहत नाहीत. जास्तीचा किट पत्र्याच्या शेडमध्ये नको. कार्यालयातल्या कपाटात, उजेडापासून दूर ठेवा आणि पाकिटावर आणल्याचा महिना-वर्ष लिहून ठेवा.